डीप फ्रीजर राहू दे, आधी वाटण गोठव

घणसोलीहून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय, चांगलं लांबलचक आहे, त्यातलं मुद्द्याचं तेवढं देते:

"ताई, आम्ही घरात पाच जण. मी ऐरोलीला आयटीत, नवरा ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये, मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत आणि सासूबाई. संध्याकाळचा स्वयंपाक आत्तापर्यंत त्याच करायच्या, पण दिवाळीनंतर त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, म्हणजे दीडदोन महिने तरी ओटा माझ्याकडे. मी घरी पोचते साडेसातला. म्हणून ठरवलंय की तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटमधून घाऊक भाजी आणायची आणि एका रविवारी महिन्याभराचं जेवण करून गोठवून टाकायचं. २०० लिटरचा डीप फ्रीजर बघून ठेवलाय. आत्ता घरात २६० लिटरचा डबल डोअर आहे. ट्रायल म्हणून बटाट्याची भाजी, कढी आणि पोळ्या गोठवल्या तर भाजी भुसभुशीत, कढी फाटली, पोळ्या चामड्यासारख्या. सासूबाई म्हणतात, महिनाभराचं शिळं खायला घालणार का. नवरा म्हणतो लाइटबिल वाढेल. मुलांच्या डब्यांचंही बघायचंय. काय करू?"

ताई म्हणालीस म्हणून सरळ अगंतुगंच करते.

डीप फ्रीजर आत्ता घेऊ नकोस. नवरा म्हणतो म्हणून नाही गं, तुला त्याची गरज आहे का तेच अजून ठरलेलं नाहीये म्हणून. २६० लिटरच्या डबल डोअरमध्ये वरचा फ्रीजर साधारण ५० ते ६० लिटरचा असतो आणि बहुतेक घरांत त्यात काय असतं तर बर्फाचे ट्रे, तळाशी दोन चमचे उरलेला आइस्क्रीमचा डबा, रबर लावून बंद केलेली मटारची पिशवी आणि कुणीतरी आणून दिलेली मिठाई जी कुणी खातही नाही आणि टाकतही नाही. ते सगळं एकदा बाहेर काढ. मग हिशोब कर, निम्मी जागा वाया जाईल असं धरलं तरी २५ लिटर राहतात, म्हणजे अर्ध्या लिटरची ५० पाकिटं, पाच जणांच्या एका वेळच्या उसळीला किंवा आमटीला दोन पाकिटं लागतात, म्हणजे झाली २५ जेवणं. महिन्यात ऑफिसचे दिवस वीस-बावीस. आणि हे पूर्ण तयार जेवण गोठवलं तर, जे मी तुला करायला सांगणारच नाहीये, त्यामुळे जागा अजूनच कमी लागेल.

बिलाचं म्हणशील तर त्याचं म्हणणं चूक नाही. महावितरणचा घरगुती दर स्लॅबने चढतो, १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा आणि त्यापुढे अजून वेगळा, त्यामुळे घरात नवीन आलेल्या मशीनचे युनिट हे तुमच्या सगळ्यात वरच्या, म्हणजे सगळ्यात महाग स्लॅबमध्ये जाऊन पडतात. दुकानदार सरासरी काढून सांगतो, तसं नसतं ते. पण एक बोलू का, बिलाची काळजी करणारा नवरा तुझ्या पत्रात कांदा सोलताना कुठे दिसला नाही मला. पुढे जे काही सांगतेय त्यात दोन किलो कांदे आहेत, तेवढं त्याच्या नावावर लिही.

आता तुझा आहे तो फ्रीजर नीट चालतोय का ते आधी बघ. आतलं तापमान उणे १८ अंश पाहिजे. फ्रिजमध्ये ठेवायचा थर्मामीटर ऑनलाइन स्वस्तात मिळतो, तो आणलास तर उत्तमच, नाहीतर आइस्क्रीम बघायचं, चमचा सहज आत जात असेल तर तुझा फ्रीजर पुरेसा गार नाही. आणि हल्ली ते कन्व्हर्टिबल मॉडेल असतात ना, ज्यात वरच्या कप्प्याचाही साधा फ्रिज करता येतो, तसं असेल तर तो मोड कुणी लावून ठेवलेला नाही ना तेही बघ, मुलं बटणं दाबत असतात. आत मागच्या बाजूला हवेच्या झडपा असतात त्यांना पाकिटं टेकवून ठेवू नकोस, गार हवा तिथूनच येते. (बाकी वाचकांसाठी, तुमच्याकडे सिंगल डोअर असेल आणि आत छोटं झाकण असलेला कप्पा असेल तर त्यात बऱ्याचदा एवढा गारवा नसतो, त्यात आठवड्या-दोन आठवड्यांपेक्षा जास्त काही ठेवायला जाऊ नका.)

तुझी ट्रायल का फसली ते सांगते कारण त्यातच सगळं आलं. पदार्थातलं पाणी गोठलं की त्याचे खडे होतात, घरच्या फ्रीजरमध्ये गोठायला वेळ लागतो त्यामुळे खडे मोठे होतात आणि ते भाजीच्या पेशी फोडतात, मग वितळल्यावर पाणी एकीकडे आणि चोथा एकीकडे. बटाट्याच्या फोडीत पाणीही भरपूर आणि स्टार्चही, त्यामुळे ती स्पंजसारखी होते. कढीत दह्याचं पाणी सुटतं. नारळाच्या दुधाचंही तेच, सोलकढी गोठवायची नाही. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबर होतो. काकडी, दुधी, पडवळ, दोडका हे सगळं पाणीदार, त्यांचा नाद सोड. पनीर भुसभुशीत होतं, रश्श्यात चालून जातं पण तुकड्यांची मजा राहत नाही. आणि तळलेलं काहीही गोठवलं की नंतर फक्त मऊ तेलकट लागतं.

पोळ्या चिवट झाल्या कारण तू पूर्ण भाजून, बहुतेक नुसत्या डब्यात घालून ठेवल्यास. फ्रीजरची हवा फार कोरडी असते, उघड्या पदार्थातलं पाणी ती ओढून घेते, मांसावर ते पांढरे सुकलेले डाग पडतात ना, तेच हे. पोळी गोठवायचीच असेल तर दोन्ही बाजूंनी अर्धवट भाजायची, फुगू द्यायची नाही, पूर्ण गार करायची, मध्ये बटर पेपर घालून हवाबंद पिशवीत, आणि काढल्यावर थेट गरम तव्यावर. पण खरं सांगू, घणसोलीत राहून पोळ्या कशाला गोठवायच्या, जवळपास एखादं पोळी-भाजी केंद्र बघ, त्या दोन महिन्यांत पोळ्या तिथून घे आणि फ्रीजरमधली जागा अशा गोष्टींना दे ज्या विकत मिळत नाहीत किंवा मिळाल्या तरी घरच्यासारख्या लागत नाहीत.

आणि माझं मुख्य म्हणणं हेच आहे. आपलं जेवण हे पूर्ण करून गोठवायचं जेवणच नाही. आपल्या आमटीची, उसळीची चव असते फोडणीत, वर घातलेल्या कोथिंबिरीत, शेवटी पिळलेल्या लिंबात, आणि या गोष्टी पाच मिनिटांच्या असतात. वेळ जातो तो त्याच्या आधी, कांदा-खोबरं भाजण्यात, वाटण्यात, कडधान्य भिजवून मोड आणून शिजवण्यात, लसूण सोलण्यात. साडेसातला घरी आल्यावर तुला फोडणीचा कंटाळा येत नाही, मिक्सरचं भांडं घासायचा येतो. तर ती आधीची मेहनत गोठव आणि फोडणी रोज ताजी घाल.

वाटणापासून सुरुवात कर. दोन किलो कांदा उभा चिरून तेलावर चांगला तांबूस होईपर्यंत परतायचा, सुकं खोबरं वेगळं भाजायचं, आलं-लसूण, थोडे धणे, आणि पाणी अगदी कमीत कमी घालून वाटायचं, कारण जेवढं पाणी कमी तेवढं ते चांगलं टिकतं. गार झालं की बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवायचं आणि क्यूब काढून पिशवीत टाकायचे, ट्रे परत मोकळा. पाच जणांच्या उसळीला चार-पाच क्यूब, चिकनला सात-आठ, एकदोनदा करशील की तुझा अंदाज बसेल. गरम मसाला आणि मीठ मात्र वाटणात घालू नकोस, लवंग-मिरीसारख्या गोष्टींची चव गोठवल्यावर बदलते, कधी जास्त उग्र लागते, ते शिजवतानाच घातलेलं बरं. हिरवं वाटण, म्हणजे ओलं खोबरं, कोथिंबीर, मिरची, आलं-लसूण, हेही असंच ट्रेमध्ये मस्त राहतं. ओला नारळ खवून ठेवणं तर तुला सांगायला नको, ते सगळ्या घरांत असतंच. लिंबाचा रस, चिंचेचा कोळ, टोमॅटो स्वस्त असतील तेव्हा त्याची आटवलेली प्युरी, सगळं क्यूबमध्ये. वितळल्यावर या सगळ्याचा पोत थोडा बदलतो पण ते शिजणारच असतं म्हणून कुणाला कळत नाही.

मग कडधान्यं. राजमा, छोले, चवळी, अख्खा मसूर, काळे वाटाणे, एका वेळी अर्धा अर्धा किलो भिजवून कुकरला लाव, दाणा अख्खा राहील एवढंच शिजव, जरा कमीच, कारण नंतर रश्श्यात परत उकळणार आहे. शिजवल्यावर वजन दुपटीहून जास्त होतं हे लक्षात ठेवून पिशव्या आण. त्यातलं थोडं पाणी दाण्यांबरोबरच पाकिटात घाल म्हणजे दाणे सुकत नाहीत. तुरीची डाळ शिजवून घोटून गोठव, तिची आमटी, सांबार, वरण काहीही होतं. मोड आलेली मटकी आणि मूग उकळत्या पाण्यातून एखादं मिनिट काढून, गार करून, निथळून ठेव, पिशवीतून मूठभर काढून थेट फोडणीत पडते. वांग्याचं भरीत करतेस ना, वांगी भाजून सोलून त्याचा गर गोठव, सुंदर राहतो, कारण त्याचा पोत आधीच मोडलेला असतो, बिघडायला काही शिल्लक नसतं. पालक उकळून वाटून ठेव. पुरण ठेव, सणावाराला उपयोगी पडतं.

पूर्ण तयार असं मी चारपाचच पदार्थ ठेवीन. खिमा, चिकनचा रस्सा बटाट्याशिवाय, मटण सुकं, राजमा, आणि अळूवडी-कोथिंबीर वडीचे उकडलेले, न तळलेले उंडे. हे ज्या दिवशी ट्रान्स-हार्बरची लोकल रखडली, हॉस्पिटलमध्ये उशीर झाला, त्या दिवसांसाठी. शिजवलेले पदार्थ दोनतीन महिन्यांत संपव, त्यानंतर ते खराब होतात असं नाही, उणे १८ ला जंतू वाढत नाहीत, पण चव उतरत जाते आणि मग घरात कुणी खात नाही.

आता तुझा तो "एका रविवारी महिन्याचं" प्लॅन. नको करूस. तू दमशील हे तर आहेच, पण फ्रीजरलाही ते झेपत नाही. एकदम दहा किलो काहीतरी आत कोंबलं की आतलं तापमान वर जातं, आधी गोठलेलं नरम पडतं आणि नवीन गोठायला दिवस-दिवस लागतात, आणि हळू गोठलं की ते मोठे खडे, भुसभुशीत भाजी, सगळं आलंच. तुझ्या आकाराच्या फ्रीजरमध्ये एका दिवसात दोनअडीच किलोच्या वर नवीन सामान घालू नये. म्हणजे दिवाळीआधीचे तीनचार शनिवार-रविवार धर, एकदा वाटणं, एकदा कडधान्यं, एकदा चिकन-खिमा आणि वड्यांचे उंडे, आणि मधल्या दिवसांत रोजचंच जे करतेस ते दुप्पट करून अर्धं गोठव. हा शेवटचा प्रकार सगळ्यात सोपा आहे आणि याबद्दल कुणी बोलत नाही, छोले करायचेच आहेत तर अर्धा किलोच्या जागी एक किलो कर, भांडी तेवढीच घासावी लागतात.

सासूबाईंचं. बघ, त्यांची भीती खोटी नाहीये. फ्रीजर जंतू मारत नाही, फक्त थांबवतो, म्हणजे आत जाताना जे होतं तेच बाहेर येताना असतं. रात्री केलेली उसळ ओट्यावर झाकून ठेवली, सकाळी डब्यात भरून फ्रीजरमध्ये टाकली, तर ते शिळंच गोठवलं तू, आणि सासूबाई बरोबर. साधारण ५ ते ६० अंश या टप्प्यात जंतू भराभर वाढतात, म्हणून शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत गार होऊन आत गेलं पाहिजे, आणि आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये पारा ३२ च्या वर असतो तेव्हा तर एका तासात. पण गरमागरम पातेलं आत ठेवायचं नाही. मग काय करायचं, तर परातीत गार पाणी आणि बर्फ घ्यायचा, त्यात पातेलं ठेवायचं आणि ढवळत राहायचं, किंवा उसळ दोनतीन ताटांत पसरून पंख्याखाली ठेवायची, वीसपंचवीस मिनिटांत काम होतं. भाताला हे जास्तच लागू, भातातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि भात बाहेर राहिला की ते जागे होतात, तेव्हा मसालेभात वगैरे गोठवणार असशील तर लगेच पसरून गार कर.

हे सगळं त्यांना समजावून सांगायच्या भानगडीत पडू नकोस पण. त्यांना लेक्चर नको असणार, त्यांचं स्वयंपाकघर दोन महिन्यांसाठी काढून घेतलं जातंय आणि त्याची तयारी त्यांना न विचारता चाललीये, बोलणं शिळ्यावरून निघालं असलं तरी दुखतंय ते हे, असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं. वाटण त्यांच्याच हाताचं कर. म्हणजे त्या खुर्चीवर बसून प्रमाण सांगतील, खोबरं किती लाल भाजायचं ते सांगतील, आणि तू करशील. नाहीतरी त्यांचं प्रमाण कुठे लिहिलेलं नसणार आणि ते तुला हवंच आहे. शिवाय त्या ऑपरेशननंतर ताटात जे बघतील ती समोर फोडणी दिलेली वाफाळती आमटी असेल, आतलं वाटण तीन आठवड्यांपूर्वीचं आहे हे त्यांनाच सगळ्यात आधी माहीत असेल कारण ते त्यांनीच करून घेतलंय. पथ्याचं मात्र त्यांच्या डॉक्टरांना विचार, त्यात मी पडत नाही.

पॅकिंगमध्ये दोन गोष्टी पाळ. पाकिटं चपटी कर, झिपलॉक पिशवीत उसळ भरायची, हवा दाबून काढायची आणि ताटात आडवी ठेवून गोठवायची, गोठली की पुस्तकांसारखी उभी रचता येतात आणि चपटी असल्यामुळे गोठतातही पटकन आणि वितळतातही पटकन. पिशवी जाड, फ्रीजरची घे, पातळ पिशवी फाटते. स्टीलचे डबे चालतात, काचेचे ठेवणार असशील तर वर बोटभर जागा सोड, पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि बरणी तडकते. दुसरी गोष्ट नाव आणि तारीख. मास्किंग टेपवर मार्करने. आत्ता तुला वाटेल की लक्षात राहील, पण गोठलेला खिमा, राजमा आणि कांद्याचं वाटण हे तिन्ही एकसारखे तपकिरी दिसतात, आणि नवऱ्याने उपवासाच्या दिवशी चुकून खिमा काढून ठेवला तर घरात काय होईल ते तूच बघ. फ्रिजच्या दारावर एक कागद लाव, काय किती आहे, काढलं की खोडायचं. हे काम मुलीला दे, सातवीतली आहे, आवडीने करेल.

एपीएमसीचं थोडं वेगळं मत आहे माझं. तुर्भ्याचं मार्केट तुला जवळ आहे, गाड्या रात्रीच लागतात आणि खरा व्यवहार पहाटे उरकतो, स्वस्त मिळतं हे खरं. पण तिथे माल गोणीने, क्रेटने, आणि पाच माणसांच्या घराला क्रेटभर पालेभाजी म्हणजे संकट आहे, ती त्याच दिवशी निवडून उकळून गोठवायला लागते आणि तू सोमवारी ऑफिसला जाणार आहेस. सोसायटीतल्या तीनचार घरांनी मिळून आणून वाटून घेतलंत तर परवडेल. एकटीने आणायचं तर कांदे, लसूण, आलं आणि नारळ एवढंच आण, हे चार दिवस ओट्याखाली पडले तरी रुसत नाहीत. मटार आत्ता घेऊ नकोस, दिवाळीच्या सुमाराला महाग असतो, डिसेंबर-जानेवारीत भाव पडतात तेव्हा गोणी घ्या. शेंगांच्या वजनाच्या निम्म्याहून कमी दाणे निघतात हे धरून भाव कर. सोललेले दाणे उकळत्या पाण्यात दीडदोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग पंचावर पसरून अगदी कोरडे करायचे, ताटात एकेरी थर करून गोठवायचे आणि मग पिशवीत भरायचे म्हणजे गोळा होत नाही. ते उकळणं चुकवायचं नाही, दाण्यातली एन्झाइम्स फ्रीजरमध्येही हळूहळू काम करतच राहतात, उकळलं नाही की दोनतीन महिन्यांत रंग जातो आणि गवतासारखी चव येते. नीट केलेला मटार आठदहा महिने सहज जातो. डाळी-पिठं घाऊक घेतलीस तर त्यांना फ्रीजर लागत नाही, पण रव्याला, बेसनाला किडे होतात म्हणून तक्रार असेल तर आणल्याआणल्या पिशवीसकट चारपाच दिवस फ्रीजरमध्ये ठेव आणि मग डब्यात भर, अंडी मरतात.

मासे तू विचारले नाहीस पण घणसोलीची आहेस म्हणून सांगते. बेलापूरजवळच्या दिवाळे गावातल्या कोळ्यांकडून ताजे आणलेस तरच गोठव, आणल्याच्या दिवशीच, साफ करून, पुसून कोरडे करून, एका वेळचे तुकडे वेगळे. मॉलमधली "फ्रेश" कोलंबी बऱ्याचदा आधी गोठवलेलीच असते, ती वितळलेली आणून परत गोठवू नकोस. बांगडा तेलकट, त्याला दोनतीन महिन्यांत खवट वास लागतो, पापलेट जास्त टिकतं.

लाइट गेली तर? फ्रीजरचं दार उघडायचं नाही, हे पहिलं आणि शेवटचं. गच्च भरलेला फ्रीजर दार बंद राहिलं तर ४८ तासांपर्यंत गारवा धरतो, अर्धा भरलेला २४ तास, तुझा वरचा छोटा कप्पा आहे म्हणून तू थोडं कमीच धर. सोसायटीचा जनरेटर बहुतेक लिफ्ट आणि जिन्यापुरताच असतो, त्याच्यावर विसंबू नकोस. गावाला जाणार असाल तर एका वाटीत बर्फ करून त्यावर नाणं ठेवून जा, परत आल्यावर नाणं बर्फाच्या तळाशी दिसलं तर मध्ये सगळं वितळून परत गोठलंय, ते टाकायचं, वास घेऊन ठरवायचं नाही.

आणि वितळवायचं कसं, तर आदल्या रात्री पाकीट खालच्या कप्प्यात काढून ठेवायचं. विसरलीस, जे आठवड्यातून दोनदा होणारच आहे, तर बंद पाकीट गार पाण्याच्या पातेल्यात बुडव आणि पाणी एकदोनदा बदल, चपटं असेल तर तू कपडे बदलून चहा घेईपर्यंत सुटतं. वाटणाचे क्यूब आणि डाळ तर वितळवायचीही गरज नाही, थेट कढईत. सकाळी काढून ओट्यावर ठेवून ऑफिसला जायचं नाही, बाहेरचा भाग दुपारपर्यंत कोमट होतो आणि आत बर्फ असतो. गरम करताना नुसतं कोमट नको, खळखळून उकळी आली पाहिजे. आणि एकदा बाहेर वितळलेलं परत गोठवायचं नाही, म्हणूनच पाकीट एका वेळचं.

मुलांच्या डब्याचं सांगते आणि थांबते. इडल्या गोठवून ठेव, सकाळी पाचसात मिनिटं वाफवल्या की ताज्यासारख्या होतात. पराठे अर्धवट भाजून, मधे बटर पेपर, आणि बटाट्याचेही चालतील, कारण कुस्करलेला बटाटा फोडींसारखा बिघडत नाही, तेच कटलेटचं, वळून न तळता ठेवायचे आणि सकाळी तव्यावर कमी तेलात. कोथिंबीर वडीचा उंडा आदल्या रात्री खाली काढला की सकाळी काप पडतात. जे काही असेल ते सकाळी पूर्ण गरम करून, मग जरा वाफ जाऊ देऊन डब्यात भर, गोठलेलं तसंच भरून मधल्या सुट्टीपर्यंत आपोआप नरम होईल असा हिशोब करू नकोस. उपमा आणि पोहे मात्र गोठवायला जाऊ नकोस, पोहे दहा मिनिटांत होतात आणि ते नवऱ्यालाही येत असतील.